वेड्या बाभळीचे वकीलपत्र

ग्वाल्हेरात गोरखीच्या आसपास राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींत अलीकडे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येऊ लागला आहे, आणि तो मांडणारे लोक विचारी, वाचन असलेले व सद्भावनेचे असल्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. ग्वाल्हेरच्या टेकड्यांवर, सांक नदीच्या खोऱ्यात आणि चंबळेच्या बीहडांत, म्हणजे घळींत, पसरलेली वेडी बाभूळ, जिला इकडे विलायती कीकर म्हणतात, ती काढून टाकण्याची गोष्ट निघाली की ही मंडळी म्हणतात, "अहो, आपण तरी इथले कोठले? 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली, त्या छावणीचे लष्कर शहर झाले, गोरखीचा वाडा उठला, आणि आपले खापरपणजे दक्षिणेतून येऊन येथे रुजले. दोनशे वर्षांत आपण इथले झालो. मग दीडशे वर्षे या देशात वाढणाऱ्या झाडाला परके ठरवून हाकलण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?"

या बोलण्यामागील भावनेशी माझे भांडण नाही. ज्या शहरात आपल्या भाषेचे लोक मूठभर उरले आहेत, तेथे परकेपणाचा शब्द कोणाच्याही बाबतीत उच्चारला गेला की मन दचकते, हे मी जाणतो. परंतु मनुष्याच्या स्थलांतराला लावावयाचा न्याय वनस्पतीच्या प्रसाराला लावणे ही मोठी गफलत आहे. मनुष्य नव्या मुलखात येतो तेव्हा तो तेथील लोकांशी व्यवहार करतो, त्यांची भाषा शिकतो, त्यांच्या कायद्याखाली नांदतो, आणि अन्याय करील तर त्याला जाब विचारता येतो. झाडाला यांतले काहीच लागू नाही, म्हणून झाडाचा विचार करताना ते कोठून आले यापेक्षा ते आल्यावर भोवतालच्या माती-पाण्याचे आणि इतर जीवांचे काय होते, एवढाच प्रश्न विचारणे योग्य ठरते. आमच्या मित्रांनी फिर्याद नीट वाचलीच नाही आणि जो आरोप कोणी ठेवलेला नाही त्याचे खंडन करण्यात आपली सारी सहृदयता खर्ची घातली.

परकेपणा हाच गुन्हा मानला असता तर ग्वाल्हेरातील सर्वांत पूज्य वृक्षावर पहिली कुऱ्हाड पडली असती. मुहम्मद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची कबर आहे, आणि तिच्यालगतच्या चिंचेची पाने चघळली असता गळा गोड होतो या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्यांचे गवई तेथे येत आले. मूळ झाड केव्हाच गेले, तरी त्याच्या जागी वाढलेल्या चिंचेला आजही तोच मान आहे. चिंच मूळची आफ्रिकेतील. सीताफळ, पेरू, मिरची ही सारी अमेरिका खंडातून आलेली, आणि गुलमोहर मादागास्करचा. यांतील एकालाही कोणी वनशत्रू म्हणत नाही. हजारो वर्षे येथे राहूनही चिंचेने कधी डोंगरच्या डोंगर गिळले नाहीत. तिच्या शेजारी कडुनिंब वाढतो, वड वाढतो. वेड्या बाभळीवरचा आरोप तिच्या वर्तनाचा आहे, आणि त्या आरोपाला पुरावा आहे.

हे झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग येथील. 1877 च्या सुमारास ते हिंदुस्थानात आले. ओसाड, क्षारयुक्त, पाण्यावाचून तडफडणाऱ्या जमिनीवर काहीतरी हिरवे उगवावे आणि सरपणाची ददात मिटावी, हा त्यामागील हेतू होता. हेतू दुष्ट नव्हता. जोधपूर संस्थानाने तर 1940 साली या झाडाला शाही वृक्षाचा दर्जा देऊन त्याच्या रक्षणाचा बंदोबस्त केला. 1960 नंतर कच्छचे रण पुढे सरकू नये म्हणून बन्नीच्या गवताळ प्रदेशाच्या कडेला त्याची लागवड झाली, आणि 1980 नंतरच्या दशकात आमच्या चंबळेच्या बीहडांवर विमानातून त्याचे बी फेकण्यात आले. कोणत्याच ठिकाणी झाड नेमून दिलेल्या जागी राहिले नाही. बन्नीत जेथे नामांकित म्हशींची चराई होती तेथे काटेरी जाळी माजली, आणि बीहडांच्या उतारांवर पेरलेले बी नाल्यांच्या वाटेने, गुरांच्या पोटातून, शेतांच्या बांधांवर व राखीव जंगलांच्या कडांवर येऊन पोहोचले.

येथे ओळखीचा मुद्दा आला, आणि त्याबाबत दोन्ही पक्षांचे अज्ञान सारखेच आहे. वेड्या बाभळीचा कैवार घेणारे तिला साध्या बाभळीची बहीण समजतात, आणि तिच्याविरुद्ध मोहीम काढणारे उत्साही तरुण कोवळ्या शमीवर व हिंवरावर कोयता चालवतात. म्हणून फांदी हातात घेऊन पाहावी. साध्या बाभळीचे फूल पिवळ्या गोंड्यासारखे गोल असते आणि शेंग दाण्यादाण्यागणिक आवळलेली असते; वेड्या बाभळीचा फुलोरा बोटभर लांब, हिरवट पिवळा, लोंबता तुरा असतो, आणि शेंग चपटी, किंचित वाकलेली, पिकल्यावर गवती पिवळ्या रंगाची असून तिच्या कडा जवळजवळ सरळ राहतात. ती शेंग मोडून जिभेला लावली तर गोड लागते, आणि या गोडीतच तिच्या दिग्विजयाचे बीज आहे. डहाळी पेऱ्यापेऱ्याशी नागमोडी वळते, आणि प्रत्येक पेऱ्यावर पानाच्या बगलेत बळकट काट्यांची जोडी असते. पान पाहावे तर मधल्या देठाला बहुधा पिसांच्या एक किंवा दोन जोड्या, क्वचित तीन. साध्या बाभळीला त्या अधिक असतात. शमीची गोष्ट आणखी निराळी. तिचे काटे आखूड, शंकूच्या आकाराचे, पेऱ्यांवर जोडीने न येता दोन पेऱ्यांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. शेंग बारीक, लांबट, गोलसर. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी या दोघींना प्रोसोपिस या एकाच वंशात गणत. 2022 साली तो वंश विभागला गेला, शमी प्रोसोपिसमध्ये राहिली आणि वेडी बाभूळ नेल्टुमा या अमेरिकी वंशात गेली.

शमीशी हिची गल्लत होणे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तर मुळीच शोभणारे नाही. दसऱ्याला मांढरे की माता या देवळासमोरील मैदानात शिंदे घराण्याचा प्रमुख शमीला तलवारीचा स्पर्श करतो आणि जमलेली मंडळी तिची पाने सोने म्हणून लुटतात, हा सोहळा आम्ही लहानपणापासून पाहिला. ज्या वृक्षाची पाने आपण एकमेकांच्या हाती देऊन थोरांच्या पाया पडतो, तो रानात उभा असता ओळखू नये, आणि त्याच्या जागेवर त्याच्यासारखे दिसणारे दुसरेच झाड पसरत गेले तरी ते आपल्या ध्यानी येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता वर्तनाकडे वळू. पहिला पाऊस होऊन गेल्यावर ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येस घाटीगाव-तिघऱ्याच्या बाजूला, जेथे वालुकाश्माच्या खडकावर करधईचे विरळ रान अजून उरले आहे, तेथे जमिनीकडे नजर लावून चालावे. गुराने टाकलेला शेणाचा वाळका पोह दिसतो, आणि त्या एका पोहातून वेड्या बाभळीची रोपे दाटीने वर आलेली असतात. उन्हाळ्यात गवत संपले की गुरे पिकलेल्या गोड शेंगा खातात. बियांवरचे कठीण कवच पोटात मऊ पडते, बी न पचता बाहेर येते, आणि त्याला खत व ओलावा एकाच ठिकाणी मिळतो. शेळ्या, नीलगाई आणि कोल्हे हेच काम करतात. त्या पोहापासून हातभर अंतरावर करधईचा जुना, कुऱ्हाडीने तोडलेला खुंट असतो, त्याच्या बुडातून चार-दोन बारीक फुटवे आलेले असतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेळीने त्यांचे शेंडे खुडलेले असतात. वेड्या बाभळीच्या पानाला मात्र शेळीही सहसा तोंड लावत नाही. चराईचा सारा भार अशा रीतीने एका पक्षावर पडतो आणि दुसरा पक्ष त्याच चराईने वाहून नेला जातो. पुढे तिची सावली दाट झाली, गळलेल्या पाल्याचा थर साचला, की त्या पाल्यातील द्रव्यांमुळे इतर बियांचे अंकुरण मंदावते आणि खालचे गवत विरळ होत जाते.

करधई हे आमच्या या कोरड्या पट्ट्याचे खास झाड. धावड्याच्या कुळातले, बारीक पानांचे, लोंबत्या फांद्यांचे, चिवट लाकडाचे. पाऊस येण्याआधी हवेत नुसता ओलावा आला तरी ते पालवते, असे येथील लोक सांगतात. त्याचे बी बहुतेक वांझ निघते. त्याची वाढ मुख्यतः खुंटाच्या आणि मुळाच्या फुटव्यांवर चालते. या एका गोष्टीचा अर्थ आमच्या मित्रांच्या लक्षात यावा म्हणून मी ती मुद्दाम सांगतो. ज्या झाडाला पुन्हा पेरून आणता येत नाही, त्याचा खुंट एकदा गुदमरून मेला की रोपवाटिकेतून त्याची भरपाई करणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरा आक्षेप असा येतो की, काही झाले तरी ती हिरवी आहे, आणि सरकारी अहवालांत आमच्या भागाचे वनाच्छादन वाढलेले दिसते, ते तिच्याच कृपेने. अहवाल मी नाकारत नाही. तो काय मोजतो तेवढे पाहावे. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या पर्णछत्राची घनता दहा टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर ती जमीन वनाच्छादनात धरली जाते, मग तेथील झाडे कोणत्याही जातीची असोत आणि जमीन कोणाच्याही मालकीची असो. ही व्याख्या उपग्रहाच्या चित्रांसाठी सोयीची आहे, आणि ज्या कामासाठी ती केली त्यासाठी ठीकही आहे. परंतु तिच्या आधारे करधईचे, खैराचे, सालईचे रान आणि वेड्या बाभळीची जाळी ही दोन्ही सारख्याच मोलाची आहेत असे म्हणणे म्हणजे दप्तरातील आकड्याला रानाची साक्ष म्हणून उभे करणे होय. गवताळ माळाच्या बाबतीत तर हा आकडा उलटच बोलतो. घाटीगावचे अभयारण्य 1981 साली सोनचिरैयासाठी, म्हणजे आपल्या माळढोकासाठी, राखले गेले. त्या पक्ष्याला मोकळे गवत आणि दूरवर पोहोचणारी नजर लागते. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात करैऱ्याचा माळही त्याच्यासाठीच राखला होता, आणि तेथून तो पक्षी नाहीसा झाला. शिकार, शेती, खदानी, गुरे अशी त्याची अनेक कारणे आहेत, आणि सारा दोष एका झाडावर टाकणे मला मान्य नाही. पण माळावर झुडूप चढले की नकाशात हिरवा रंग वाढतो आणि माळढोकाची जागा घटते, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला हाच धडा मिळाला होता. तेथे माळावर गिरिपुष्पाची लागवड झाली आणि पुढे ती माळढोकाच्या आड येत असल्याचे अभ्यासकांना सांगावे लागले.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला हात जोडूनच सामोरे जावे लागते. गरिबाची चूल या झाडावर पेटते. भिंड-मुरैनाकडील गावांत आणि ग्वाल्हेरच्या कडेच्या वस्त्यांत डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई बहुधा याचेच जळण आणते. लाकूड जड असते, चांगला विस्तव धरते, कोळसाही उत्तम होतो. तिच्या हातून हे जळण काढून घ्या असे मी म्हणणार नाही, आणि जो म्हणेल त्याच्या पंक्तीला बसणार नाही. परंतु गरिबाचे हित एकट्या सरपणात नसते. त्याची शेळी असते, गाय असते, पाय असतात. केनियातील बारिंगो सरोवराच्या काठी हेच झाड 1980 नंतर सरपणाच्या योजनेखाली लावले गेले. पुढे तेथील इल चामुस पशुपालकांच्या चराईच्या जमिनी काट्यांनी झाकल्या, गोड शेंगा सतत चघळून शेळ्यांचे दात किडून झडू लागले, आणि 2006 च्या सुमारास त्या लोकांनी सरकारविरुद्ध फिर्याद केली तेव्हा एक बोळकी शेळी पुरावा म्हणून नैरोबीच्या न्यायालयापर्यंत नेण्यात आली. ज्यांच्या कल्याणासाठी झाड लावले तेच त्याच्याविरुद्ध न्यायालयात गेले, याची दखल गरिबांच्या नावाने बोलणाऱ्यांनी घ्यावयास हवी. आमच्याकडे वेड्या बाभळीचा काटा पायात मोडला की जखम चिघळते, हे कोणत्याही गुराख्याला विचारावे.

यावरून मी सरसकट निर्मूलनाचा पक्षपाती आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. त्या पक्षाशीही माझा तितकाच तीव्र मतभेद आहे. गावालगतचे उघडे उतार, जेथे आज या झाडावाचून दुसरे काहीच उभे नाही आणि मुळे निघाली तर पुढच्या पावसात माती चंबळेला मिळेल, तेथे ते तूर्त राहू द्यावे आणि गावाने त्याचे जळण तोडावे. परंतु उत्साही मंडळींना यंत्राचा भारी मोह आहे. जेसीबी आणावा, एका उन्हाळ्यात टेकडी साफ करावी, छायाचित्र काढून घ्यावे, असा त्यांचा खाक्या. यंत्राने वरचे झाड मोडते आणि जमीन उलथीपालथी होते. जमिनीखालच्या बुंध्यावरील डोळे शाबूत राहतात, त्यांतून एका खोडाच्या जागी पाच-सहा फुटवे उठतात, आणि मातीत पूर्वीच पडलेले बी, जे वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते, ते वर येऊन रुजते. मोकळ्या झालेल्या, उकरलेल्या जमिनीवर गाजर गवत आणि घाणेरी यांची स्वारी होते. तमिळनाडूत 2017 साली उच्च न्यायालयाने हे झाड समूळ काढण्याचा हुकूम केला आणि त्याच वर्षी परिणामांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याला स्थगिती मिळाली. घाईने काढलेला हुकूम रानात टिकत नाही, एवढे त्यावरून दिसते. तणनाशक ओतण्याची सूचनाही काही जण करतात. त्यांना मी एवढेच विचारीन की सांकेवरील तिघऱ्याचे पाणी, जे 1916 सालच्या धरणापासून हे शहर पीत आले आहे, त्याच्या पाणलोटात ते औषध कोणत्या धैर्याने ओतणार?

मग करावे काय, याचे उत्तर जोधपूरने दिले आहे, आणि तेही ज्या नगरीने या झाडाला शाही वृक्ष म्हटले तिनेच. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी 2006 पासून प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली रावजोधा उद्यानाचे काम सुरू झाले. सत्तर हेक्टरांच्या त्या खडकाळ भूमीवर वेड्या बाभळीने मूळ धरले होते, आणि वरून तोडून ती मरेना. तेव्हा पिढीजात खाणकाम करणाऱ्या खांडवालिया कारागिरांना बोलावण्यात आले. हातोड्याच्या आवाजावरून खडकाची जात ओळखणाऱ्या या माणसांनी छिन्नीने सुमारे दीड फूट खोल खडक फोडून एकेका झाडाचे बूड डोळ्यांसह उखडले, आणि त्या खळग्यांतच मारवाडच्या खडकात वाढणारी देशी झाडे लावली गेली. काम सावकाश झाले, म्हणून ते टिकले. दिल्लीच्या रिजवर निराळा मार्ग घेतला गेला. प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाने झाड न पाडता त्याच्या खालच्या फांद्या छाटून प्रकाशाला वाट करून द्यावयाची, खाली देशी रोपे वाढवावयाची आणि ती वर आली म्हणजे जुने छत्र क्रमाने आटोपावयाचे. जेथे धूप होण्याचे भय आहे तेथे हाच मार्ग बरा. घाणेरीबाबत मात्र त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जोधपूरसारखीच बुडाशी जाण्याची दृष्टी ठेवली. फुटवे जेथून येतात त्या भागाच्या खाली सोटमूळ तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही.

ग्वाल्हेरात असे कारागीर नाहीत काय? या शहराच्या भोवती वालुकाश्माच्या खदानी आहेत, आणि त्यांत राबलेले, आज कामावाचून बसलेले हात आहेत. त्यांना सब्बल, छिन्नी आणि वाजवी मजुरी द्यावी. सुरुवात सर्वांत दाट जाळीपासून करू नये; जेथे करधई अजून उभी आहे आणि वेडी बाभूळ तुरळक आहे, त्या स्वच्छ भागापासून करावी आणि तेथून जाळीकडे सरकावे. रोप असता ते ओल्या जमिनीतून हाताने मुळासकट निघते; झाड झाल्यावर बुडाभोवती वीत-दीड वीत माती काढून डोळ्यांच्या खालून मूळ तोडावे लागते. हे सारे शेंग पिकण्याच्या आत व्हावे, आणि त्या रानात गुरे सोडण्याआधी काही दिवस ती शेंगा नसलेल्या चाऱ्यावर ठेवली जावीत. मजुरीची तजवीजही बदलावी लागेल. आज किती हेक्टर साफ केले यावर पैसे चुकते होतात, म्हणून वरवर तोडणारा ठेकेदार प्रामाणिक खणणाऱ्याच्या पुढे जातो. रकमेचा निम्मा हिस्सा तिसऱ्या पावसाळ्यानंतर, फुटवा आला नाही हे जागेवर पाहून द्यावा, म्हणजे कामाची प्रत आपोआप सुधारेल.

आमच्या मित्रांना माझ्या म्हणण्याचा प्रतिवाद करावयाचा असेल तर त्यांनी आपले खापरपणजे आणि दौलतरावांची छावणी यांना या वादातून मोकळे करावे, आणि रानात यावे. वेड्या बाभळीच्या दाट, न छाटलेल्या जाळीखाली करधईचा, खैराचा किंवा सालईचा एक नवा फुटवा तीन पावसाळे जगून मनुष्याच्या उंचीचा झालेला त्यांनी मला दाखवावा. तो दिसला तर मी माझा हट्ट सोडीन. तोपर्यंत हे वकीलपत्र त्यांनी परत घ्यावे अशी माझी त्यांना विनंती आहे.